पिकवणाऱ्याचा प्रश्न, खाणाऱ्याचा प्रश्न

ऑक्टोबरची गोडी छाटणी उरकते न उरकते तोच बेमोसमी पाऊस येतो आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात विचारणा सुरू होते : ‘डावणीचा रोग दिसतोय, आता काय मारू? आणि मारलं तर तोडणीपर्यंत उतरेल ना?’ फेब्रुवारीत तीच द्राक्षे नाशिकरोडच्या, दादरच्या, पुण्याच्या मंडईच्या हातगाड्यांवर येतात. तेव्हा पिशवी पुढे करण्याआधी गिऱ्हाईक विचारते : ‘यावर काय काय मारलंय? धुतलं की जातं ना?’ दोन प्रश्नांमध्ये तीन-चार महिने आहेत आणि एक घाट आहे; प्रश्न मात्र एकच आहे. पानावर पडलेल्या औषधाचे पुढे काय होते, किती दिवसांत ते विरते, किती उरले तर चालते आणि ‘चालते’ हे ठरवले कोणी, एवढेच दोघांना जाणून घ्यायचे आहे.

उत्तरे मात्र वेगवेगळ्या दारांतून येतात. बागायतदाराला ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर, खासगी सल्लागाराच्या प्लॉट व्हिजिटमध्ये नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळते. खाणाऱ्याला ते फिरत फिरत आलेल्या व्हिडिओत मिळते. त्यात एक तर शेतकरी विष पिकवतो असे म्हटलेले असते, नाहीतर मिठाच्या पाण्यात बुडवले की सारे धुऊन निघते असे. वनस्पती आणि सूक्ष्मजीव हाच ज्यांच्या अभ्यासाचा विषय, ते संशोधक या दोन्ही ठिकाणी क्वचितच भेटत. ते इंग्रजीत लिहीत आणि एकमेकांसाठी लिहीत. या संग्रहातले तरुण लेखक तो रिवाज मोडून आले आहेत. कोणी वनस्पतिरोगशास्त्र शिकले आहे, कोणी सूक्ष्मजीवशास्त्र, कोणी पैदासशास्त्र. बहुतेकांच्या घरी शेती आहे, त्यामुळे सुट्टीत घरी गेल्यावर पहिला प्रश्न त्यांना वडील-चुलतेच विचारतात.

त्यांच्या लेखनामागे एक साधी कसोटी आहे आणि मला ती या साऱ्या क्षेत्राचीच कसोटी वाटते. जे बागायतदाराला सांगाल ते गिऱ्हाइकासमोर सांगता आले पाहिजे; जे गिऱ्हाइकाला सांगाल ते बागेत उभे राहून सांगता आले पाहिजे. एकाच्या कानात एक आणि दुसऱ्याच्या कानात दुसरे, असे ज्याला करावे लागत नाही त्याच्यावर दोघेही विश्वास ठेवू शकतात.

ही कसोटी नाशिक जिल्ह्यात फार कडक लागते. पश्चिमेला इगतपुरी, पेठ, सुरगाण्याचा भात-नागलीचा डोंगराळ मुलूख. मध्ये गोदा-कादवेच्या काठची द्राक्षे आणि टोमॅटो. पूर्वेला येवला, चांदवड, नांदगावकडचा कमी पावसाचा कांद्याचा पट्टा. पिकांइतकीच संशोधनाचीही इथे दाटी आहे. निफाडच्या केंद्राने तांबेऱ्याला तोंड देणारे गव्हाचे वाण काढले. खरीप कांद्याचा ‘एन-५३’ निफाडचा, तर रब्बीचा ‘एन-२-४-१’ पिंपळगाव बसवंतचा. राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान १९७७ साली स्थापन झाले, त्याचे काम नाशकातून चालते. कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ मध्ये आधी इथेच निघाले, १९९८ मध्ये राजगुरुनगरला गेले. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्रही इथलेच. वाइन उद्योग आल्यापासून यीस्टची निवड हा इथल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नोकरीचाही विषय झाला. अशा जिल्ह्यात नवख्या पीएच.डी.धारकाने चर्चासत्रात उभे राहून काही ठोकून दिले, तर मागच्या रांगेतला बागायतदार त्याला तिथल्या तिथे अडवतो. तीस वर्षे डावणीशी झगडलेल्या माणसाला ‘अज्ञानी जनता’ समजून बोलता येत नाही.

विज्ञान दाराशी आले म्हणजे लोकांपर्यंत पोचले असे होत नाही, याचे उदाहरणही याच जिल्ह्यात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावात २००२ साली ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांची हलकी मात्रा दिली की कांद्याला कोंब फुटत नाही आणि कांदा किरणोत्सर्गीही होत नाही. २००७ मध्ये याच केंद्रातून प्रक्रिया होऊन भारतीय आंबा अमेरिकेला गेला. ‘अणू’ हा शब्द ऐकून घाबरणाऱ्या गिऱ्हाइकाला हे समजावणे हा कामाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे : विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. कांदा नीट सुकवला नसेल, मान ओली राहिली असेल, चाळीत हवा खेळत नसेल, तर किरण काय करणार? पूर्ण उत्तर म्हणजे हे दोन्ही अर्धे एका दमात सांगणे.

या क्षेत्राचा आवाका कळावा म्हणून नवख्या वाचकाने दोन गोष्टी जवळून पाहाव्यात. पहिली डावणीची. पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग दिसतो, पण तो डावणीचाच की आणखी कशाचा, अशी शंका असते. संशय असलेले पान ओल्या कापसाच्या बोळ्यासह प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर बंद करून ठेवावे. सकाळी डागाच्या खालच्या बाजूला पांढरी लव उठलेली दिसली, की ओळख पटली. ही लव वरवर बुरशीसारखी दिसते, पण हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळचा आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा कुजवून दुष्काळ आणणारा जीव याच्याच भावकीतला. हे कुळ कळणे ही निव्वळ पुस्तकी हौस नाही. भुरी या खऱ्या बुरशीच्या रोगावर चालणारी कितीतरी औषधे डावणीवर का चालत नाहीत, आणि बागायतदाराचा पैसा व गिऱ्हाइकाच्या घासातला अंश दोन्ही वाया कसे जातात, ते त्यावरून कळते.

डावणीवरचे पहिले नामी औषध सापडले तेही प्रयोगशाळेत नव्हे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी हात टाकू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८०च्या दशकात मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की बाकी बाग रोगाने झडली तरी या वेलींची पाने शाबूत आहेत. शेतकऱ्यांची युक्ती त्याने तपासली, तिला प्रमाण दिले आणि बोर्डो मिश्रण जगभर गेले. आजही नाशिकच्या बागांत ते मारतात. मियार्देने त्या वाटेने जाताना नजर वर केली नसती तर युक्ती त्या गावातच राहिली असती. आणि शेतकऱ्यांनी ती केली नसती तर मियार्देला तपासायला काही नव्हते.

दुसरी गोष्ट लांबट मण्यांची. ‘इंजेक्शन दिलेली द्राक्षे’ ही शहरातली जुनी समजूत. बागेत प्रत्यक्ष दिसते ते असे : पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायाबापड्या मग हातात घेऊन एकेक घड जीएच्या द्रावणात बुडवत ओळीने पुढे सरकतात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. बी असलेल्या मण्याला वाढीचे हे द्रव्य बियांकडून मिळते. थॉम्पसनसारख्या बिनबियांच्या जातीत ते पुरेसे मिळत नाही, मणी बारीक राहतो, म्हणून ते बाहेरून द्यावे लागते. त्याचा शोध लागला भाताच्या एका रोगातून. या रोगात रोपे भलतीच उंच वाढून कोलमडतात. १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी संशोधकाने दाखवले की रोपे उंचावणारे द्रव्य बुरशी बनवते. आजही ते त्याच बुरशीला मोठ्या टाक्यांत वाढवून काढतात. हे सांगितले की ऐकणारा चटकन म्हणतो, म्हणजे नैसर्गिकच की! इथे तरुण शास्त्रज्ञाची खरी परीक्षा असते. टाळी घेऊन खाली बसणे सोपे आहे. पण बुरशीपासून आले म्हणून काही निर्धोक होत नाही. भुईमुगातले अफ्लाटॉक्सिनही बुरशीचेच आहे. मात्रा किती, केव्हा दिली आणि शेवटी किती उरली, हे विचारल्यावाचून सुटका नाही. या संग्रहातले लेखक ती टाळी नाकारतात, म्हणून मला ते भरवशाचे वाटतात.

महाराष्ट्रात शेतीचे ज्ञान लोकांपर्यंत नेण्याची ही परंपरा आजची नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या लुटीचा हिशेब मांडला, तसाच माती-पाणी अडवण्याचा आणि शेतीची प्रदर्शने भरवण्याचा आग्रहही धरला. शेतीचे ज्ञान आणि शेतकऱ्याची सत्ता त्यांनी एकमेकांपासून तोडली नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पिंपळे सौदागर या गावाची जमीन, कर्ज आणि घरोघरची मिळकत मोजून १९१७ मध्ये अहवाल छापला. सल्ला देण्याआधी गाव समजून घ्यावे लागते, ही शिस्त त्यातून आली. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे परागंदा होऊन मेक्सिकोत पोचले, तिथे मका-गव्हावर संशोधन केले आणि १९२०च्या दशकात कष्टकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात स्थान दिले. १९४६ साली पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली. आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेतून गहू, सोयाबीन, द्राक्षाचे वाण बाहेर पडले.

स्वातंत्र्यानंतर या कामाच्या चार वाटा झाल्या. पहिली विस्तार सेवेची. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले. शिवारफेऱ्या, ‘शेतकरी’ मासिक, दूरदर्शनवरचे ‘आमची माती आमची माणसं’ आणि पुढे २००५ पासून ‘ॲग्रोवन’ दैनिक, हा सारा तिचाच पसारा. तिने धान्य वाढवले, वाण पोचवले. पण तिथे वरून शिफारस निघे आणि खाली ती पाळली जाई. उलट दिशेने आलेल्या प्रश्नाला वाट अरुंद होती.

दुसरी वाट खाणाऱ्याच्या बाजूने निघाली. तिच्या अग्रभागी कमला सोहोनी. वनस्पतींच्या पेशींतील श्वसनावर केंब्रिजमध्ये काम करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी पुढे डाळी आणि नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले, आणि ग्राहक चळवळीत उतरून भेसळ ओळखण्याच्या घरगुती परीक्षा सामान्य गृहिणींपर्यंत नेल्या. आज स्वयंपाकघराशी बोलू पाहणाऱ्या प्रत्येक तरुण शास्त्रज्ञाची ही आजी. उणीव एवढीच, की या वाटेवर शेतकरी फारसा भेटत नाही. माल बाजारात आल्यावरच गोष्ट सुरू होते.

तिसरी वाट चळवळींची, आणि तिला दोन फाटे आहेत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने भावाबरोबर तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्यही मागितले. दुसऱ्या फाट्यावर इंदूरच्या संस्थेत कंपोस्टची पद्धत बसवणारे अल्बर्ट हॉवर्ड यांच्यापासून विदर्भातल्या सुभाष पाळेकरांच्या जीवामृतापर्यंतची सेंद्रिय-नैसर्गिक परंपरा आहे. २०१०च्या जानेवारी-फेब्रुवारीत जनुकीय सुधारित बीटी वांग्यावर देशातल्या सात शहरांत जनसुनावण्या झाल्या. त्यांतल्या नागपूरच्या सुनावणीत महाराष्ट्राने हे दोन्ही फाटे समोरासमोर पाहिले. शास्त्रज्ञ तिथे बहुधा एका बाजूचे साक्षीदार म्हणून ओळखले गेले. चळवळीने प्रश्न विचारायला शिकवले, पण पुरावा तपासण्याआधी बाजू निवडण्याची सवयही लावली.

चौथी वाट सहभागाची : शेतकरी स्वतःच संशोधक. सोलापूरजवळच्या नानजच्या नानासाहेब काळ्यांनी आपल्या बागेतले वेगळे वेल हेरून द्राक्षाच्या जाती दिल्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. वेगळेपण हेरणारी नजर ही कोणा पदवीची मिरास नाही. पण एका वेलीवर दिसलेला गुण दहा गावांत टिकतो का, हे पाहायला पुन्हा शिस्तीचे प्रयोग लागतात. आजची तरुण पिढी या चारही वाटांच्या चौकात उभी आहे.

हे सारे आज का महत्त्वाचे? अलीकडच्या काही प्रसंगांनी अर्धवट माहितीची किंमत दाखवून दिली म्हणून. २०१०च्या हंगामात युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश सापडला. वेलीची अवाजवी शाकीय वाढ रोखायला हे संजीवक सर्रास वापरात होते आणि अंश तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. द्राक्षांसाठी युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, कंटेनर अडकले, बागायतदार कर्जात गेले. त्याच रसायनाला गहू-ओटसारख्या धान्यांत युरोपातच कितीतरी जास्त मुभा होती. म्हणजे ती मर्यादा ही विषाची सीमारेषा नव्हती. द्राक्षावर त्याचा मान्य वापरच नसल्याने लावलेली कायद्याची किमान रेषा होती. हे गिऱ्हाइकाला कळले असते तर ते घाबरले नसते; बागायतदाराला वेळेत कळले असते तर त्याने ते वापरले नसते.

दुसरा प्रसंग मे २०२०चा. करोनाची टाळेबंदी चालू होती. नगर-पुणे पट्ट्यातल्या टोमॅटोवर रंग बिघडवणारा रोग आला, त्याला ‘तिरंगा व्हायरस’ नाव पडले आणि तो माणसालाही घातक असल्याची आवई उठली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत काकडीवरचा मोझॅक विषाणू आढळला. तो झाडाचा रोगकारक. माणसाच्या पेशीत शिरून वाढणे त्याला शक्य नाही. पण त्या दिवसांत ‘व्हायरस’ एवढा शब्दच पुरेसा होता. खुलासे निघेपर्यंत लोकांनी टोमॅटोकडे पाठ फिरवली होती आणि फटका पिकवणाऱ्याने सोसला होता. शास्त्रज्ञाला सविस्तर अहवालासाठी आठवडे लागतात, अफवेला एक सायंकाळ पुरते. त्या सायंकाळी जे पक्के ठाऊक आहे तेवढे तरी कोणी बोलायला हवे.

पुढचे प्रसंग येऊ घातले आहेत. दुकानांची फळी ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास, बॅसिलसच्या बाटल्यांनी आणि तऱ्हेतऱ्हेच्या उत्तेजकांनी भरली आहे. जैविक उत्तेजकांना २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणले गेले. पण बाटलीतले सूक्ष्मजीव जिवंत आहेत का, उन्हात पडलेल्या खोक्यात ते किती टिकले, रासायनिक बुरशीनाशकाबरोबर एकाच टाकीत मिसळल्यावर उरले का, हे बागेत कोण सांगणार? जनुक-संपादनाचे काही प्रकार २०२२ मध्ये जनुकीय सुधारित पिकांच्या कडक नियमांतून वगळले गेले आणि मे २०२५ मध्ये अशा भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. बीटीच्या वेळचा वाद पुन्हा त्याच चाकोरीत गेला तर दोष लोकांना देता येणार नाही. त्यातच पाऊस बेभरवशाचा झाला आहे. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या बागा पावसाने धुऊन काढल्या. जुन्या वेळापत्रकावर बसवलेल्या शिफारशी अशा वर्षात कामाला येत नाहीत. तेव्हा शिफारशीमागचे कारण ज्याला ठाऊक, तोच स्वतःचा निर्णय घेऊ शकतो.

विज्ञानाच्या हाती काय नाही, हेही प्रस्तावनेत स्पष्ट असावे. कांद्याचा भाव निर्यातबंदीने पडतो तेव्हा करपा रोगावरचा उत्तम सल्ला शेतकऱ्याला जखमेवरच्या मिठासारखा लागतो. पतपुरवठा, मजुरी, बाजार समितीतला लिलाव ही दुखणी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाहीत. शास्त्रज्ञही हितसंबंधांपासून मुक्त नसतो. चाचणीचा खर्च कोणत्या कंपनीने केला, हे चाचणीचा निष्कर्ष सांगतानाच सांगायला हवे. या पुस्तकात जिथे तसा संबंध आहे तिथे लेखकांनी तो आपणहून नोंदवला आहे.

पुस्तकाची रचना पिकानुसार किंवा रोगानुसार नाही. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांनुसार आहे. काही प्रश्न बांधावरचे आहेत, काही स्वयंपाकघरातले, काही शाळेतल्या मुलांचे. प्रत्येक ठिकाणी आधी काय पक्के माहीत आहे, ते कशावरून, आणि कुठे शास्त्रज्ञांतच एकमत नाही, हा क्रम पाळला आहे. फवारणीचे वेळापत्रक शोधणाऱ्याला ते इथे मिळणार नाही. कुठले औषध घ्यावे यापेक्षा सल्ला कसा पारखावा, यावर लेखकांनी शाई खर्च केली आहे. सेंद्रिय आणि रासायनिक यांतल्या कुठल्याही छावणीचे हे पुस्तक नाही, त्यामुळे दोन्ही छावण्यांना ते अधूनमधून टोचेल. माझेही त्यातल्या दोन-तीन निष्कर्षांशी जमत नाही, विशेषतः जैविक निविष्ठांबद्दलचा लेखकांचा उत्साह मला जरा जास्त वाटतो. पण कशावरून ते म्हणतात हे समोर मांडलेले असल्याने भांडता येते.

शेवटी एक मागणे, आणि ते वाचकांकडे नाही. तरुण संशोधकाचे मोल आपल्याकडे शोधनिबंधांवर ठरते. एखाद्या मुलीने पिंपळगावच्या बागायतदारांसमोर तीन तास प्रश्न झेलले, किंवा अफवेच्या सायंकाळी जबाबदारीने चार ओळी मराठीत लिहिल्या, तर तिच्या प्रगतिपुस्तकात त्याची नोंद कुठल्या रकान्यात होते? हे काम आज हौसेवर आणि रविवारांवर चालले आहे. विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी त्याला संशोधनाच्या बरोबरीचे काम मानावे, त्यासाठी वेळ द्यावा, त्याचीही कसून तपासणी करावी. लोकांच्या पैशातून शिकलेल्या माणसाने लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणे हा त्याच्या नोकरीचा भाग असायला हवा. तो तसा झाला, तर पुढचा असा संग्रह काढायला कोणाला आपले रविवार मोडावे लागणार नाहीत.